भासऱ्यांपुढचा पदर

वलगाव,
गुरुवार, दि. ११ डिसेंबर २०२५

ती. जमुनाबाईस,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, साधनाचा नमस्कार. दत्तकृपेने घरी सगळे बरे. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर तुझा आवाज ऐकला की मला सांगायला जमत नाही, म्हणून लिहिते.

आमची सून वर्षाली सरपंचपदाला उभी आहे. दोन वर्षं नळासाठी तिने पंचायत समितीत खेटे घातले, सलवार-कुर्त्यात, स्कूटीवर. पॅनेल माझ्या भासऱ्यांचं, यांचे मोठे भाऊ खुशालराव यांचं. सोमवारी ते ओसरीत यांना म्हणाले, "भगवंता, सांग तुझ्या बाईले. सून फॉर्म भराले साडीत पायजे, डोक्यावर पदर. नाईतर तिच्या जागी आशाबाईचं नाव टाकतो." मी दाराआडच उभी होते. अडतीस वर्षांत ते माझ्याशी सरळ बोललेले नाहीत, मी त्यांच्यापुढे उघड्या डोक्याने गेलेली नाही.

वर्षाली म्हणाली, "आई, या कपड्यात पाणी आणलं तवा चाललं. मतं मागाले कावून नाई चालत?"

खरं सांगते, मी तिला समजावायलाच बसले होते. साडी इस्त्री करून ठेवली होती. मग आजी आठवली. आई नऊवारी सोडून पाचवारी नेसली तर म्हातारी दोन महिने तिच्या हातचं जेवली नव्हती. तीच आई पुढे तुझ्या पंजाबी ड्रेसवर... राहू दे.

आज सकाळी मारुतीपुढे नारळ फोडून सगळे अमरावतीला निघणार होते. वर्षाली कुर्त्यातच आली. भासरे म्हणाले, "भगवंता, तुह्या घरात तुले कोणी इचारते का नाई?" माणसं हसली. हे खाली पाहू लागले.

मी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. म्हटलं, "दादा, नाव कापाचं असन त माझ्याकडे पाहून कापा."

त्यांनी तोंड फिरवलं. भासऱ्याने भावजयीचं उघडं डोकं पाहायचं नसतं. नाव कापायलाही ते वळले नाहीत. वर्षालीने फॉर्म भरला. भासरे गाडीत बसले नाहीत. दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद, असा दुपारी निरोप आला. हे अजून जेवले नाहीत.

वर्षालीने विचारलं, "आई, तुमाले भेव नाई वाटलं?" तिला नाही, तुला सांगते.

माहेरी तिवशाहून तू साडीत निघायचीस, अमरावतीत मैत्रिणीकडे ड्रेस घालून कॉलेजात जायचीस. ते सुंदरामावशीने बाबांना सांगितलं असं धरून तू तिच्या मयतीलाही गेली नाहीस. मावशीने नव्हतं सांगितलं. मी मॅट्रिकच्या फॉर्मसाठी अमरावतीला आले होते, तेव्हा तुला चौकात ड्रेसमध्ये पाहिलं. बाबा जेवायला बसले असताना मी सांगितलं. तुझं कॉलेज सुटलं, त्याच उन्हाळ्यात तुला अकोल्याला दिलं.

मला तो ड्रेस घालावासा वाटत होता, बाई. दुसरं काही कारण नव्हतं.

उद्या-परवा हे पत्र तुला मिळेल. मी घरीच आहे.

तुझी म्हणायचं की नाही, ते तू ठरव,
साधना