उसन्या फॉरवर्डची मालमत्ता

हे मृत्युपत्र जूनमध्येच लिहायचं होतं. पण जूनमध्ये आंबे होते. जुलैत शेजारच्या पटेलकाकींच्या हिंचक्याची, म्हणजे झोपाळ्याची, कडी निसटली, ती बसवण्यात आठवडा गेला. ऑगस्टमध्ये दोनदा चांगला जाड कागद आणायला म्हणून निघालो आणि दोन्ही वेळा सेवउसळ खाऊन हात हलवत परत आलो. आता रविवारी पहाटे विमान आहे, म्हणून आज गुरुवारी बसलो आहे.

तर मी, समरजित प्रतापसिंहराव शिर्के, वय वर्षे अठ्ठावीस, धंदा आइस हॉकी, राहणार सुभानपुरा, बडोदे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता, स्वखुशीने लिहून ठेवतो की:

कलम १. शुद्धीबद्दल. माझ्या डोक्याला तीनदा जबर मार बसला असल्याने वकील सुभाषकाकांनी डॉक्टरांचा दाखला जोडायला सांगितला. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी शहाऐंशीवर अडकलो. म्हटलं, सातवीतही इथंच अडकलो होतो, शाळेला विचारा. त्यांनी दाखला दिला. वर म्हणाले, "चौथ्यांदा लागलं तर मी काही सांगू शकत नाही." नव्या क्लबला हे कळवलं. क्लब फार दयाळू आहे, नवीन हेल्मेट देणार आहे.

कलम २. कोर्टात हे वाचणाऱ्या साहेबांना प्रश्न पडेल की बडोद्याच्या माणसाचा बर्फाशी काय संबंध. काही नाही. गोळ्याच्या गाडीवर असतो तेवढाच. विश्राम सरांनी आम्हाला सिमेंटवर, चाकांच्या स्केटवर हॉकी शिकवली. सत्त्याण्णव साली आमचा संघ युरोपात एका स्पर्धेला गेला. बाकीचे परत आले. मी बारावी, सामान आणि बाबांचा शब्द, तिन्ही मागे टाकून तिथंच राहिलो. अकरा वर्षं, नऊ क्लब, चार देश. गोल एकोणीस, त्यातला एक माझ्या पाठीवर आपटून गेला. मी चौथ्या फळीचा फॉरवर्ड. पहिल्या तीन फळ्या दमल्या की आम्हाला मिनिटभर सोडतात. तेवढ्यात समोरच्याला कडेच्या फळकुटावर दाबायचं, नाहीतर आपण दाबलं जायचं. नाव कोणी लक्षात ठेवत नाही, नंबर दर वर्षी बदलतो.

आमचे पूर्वज सरकारी पागेत स्वार. बाबा रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते, पण बोलणं अजून पागेतलंच. पहिल्या सुट्टीत आलो तेव्हा म्हणाले, "खापरपणजोबांनी आयुष्यात घोड्याचा पाय घसरू दिला नाही. आणि चिरंजीव घसरण्याचा पगार घेतात!" हे मी फार मायेने लिहितो, कारण गेली सात वर्षं ते एवढंही बोललेले नाहीत.

कलम ३. सुभानपुऱ्यातला हा एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट माझी बहीण स्नेहल हिला. ती सासरी करजणला असते. तिचे यजमान आशयराव यांनी इथं कपडे वाळत घालावेत, झोपावं, पण मला खेळाबद्दल सल्ला देण्यासाठी वापरलेला तो सोफा आधी विकावा. बँकेत जे असेल तेही स्नेहलचं. उरलं तर मलाच आश्चर्य वाटेल.

कलम ४. हत्यारं. स्केटचे दोन जोड विश्राम सरांना देणार होतो, पण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही द्यायचं नसतं, त्यामुळे बिचारे मुकले. आता ते जोड रिंकवरच्या ज्या कोणाच्या मापाला बसतील त्याचे. स्टिका तीन. त्यातली एक पटेलकाकींकडे आहे, तिने त्या वरच्या दोरीवरचे कपडे काढतात. तिचा एवढा अचूक वापर मी कधी केला नाही. ती त्यांनाच. पुढचे दोन खोटे दात कारेल नावाच्या बचावपटूला पाठवावेत. मूळचे त्याच्याकडेच राहिलेत, संच पूर्ण होईल.

कलम ५. माझ्या तिसऱ्या क्लबच्या मॅनेजरला मी काही देत नाही, याची नोंद व्हावी. आमच्या धंद्यात एका क्लबाकडे माणूस कमी पडला की दुसरा क्लब आपला उसना देतो, शेजारी वाटीभर साखर द्यावी तसा. सकाळी सांगतात, दुपारी बस. या मॅनेजरने मला चारदा उसना दिला. वाटीसुद्धा चारदा कोणी देत नाही. पण खरं कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ६. हे कलम मी सात वर्षं पुढे ढकलतो आहे, आंब्यांशी त्याचा संबंध नाही.

डिसेंबर २००१ मध्ये एका सोमवारी या मॅनेजरने मला असाच उसना दिला. बुधवारी आई गेली. बाबांनी त्यांच्या डायरीतल्या नंबरावर फोन केला, म्हणजे जुन्या क्लबला. तेव्हा माझ्याकडे मोबाइल नव्हता. ज्याने उचलला त्याने "निरोप देतो" म्हटलं आणि खरंच दिला. कागदावर इंग्रजीत लिहून तिथल्या माझ्या कपाटाला चिकटवला. कपाट रिकामं होतं. सात आठवड्यांनी परतलो तेव्हा तो तिथंच होता. "वडिलांचा फोन. आई वारली. लगेच ये."

तिसऱ्या दिवशी दांडिया बाजारातल्या बाबांच्या घराच्या दारात उभा होतो. बाबांनी वर पाहिलं आणि आत हाक दिली, "स्नेहल, पाहुणे आलेत. पाणी आण." पाहुणे! मीही शिर्क्यांचाच. पाणी प्यायलो, निघालो. कागद खिशात होता, काढला नाही. स्नेहललाही सांगितलं नाही. तिने बाबांना सांगितलं असतं तर माझ्या न बोलण्याला काय अर्थ उरला असता?

तो कागद या मृत्युपत्राला टाचला आहे. तो मालमत्ता नाही, तेव्हा कोणाला दिला असं समजू नये. मी गेल्यावर बाबांनी तो एकदा वाचावा, एवढंच. मी आलो नाही असं नाही. मला कळलंच नव्हतं.

कलम ७. माझे वडील प्रतापसिंहराव यांना मी काही देत नाही. रागाने नव्हे, कायद्याच्या सोयीने. सुभाषकाका म्हणाले, "ज्याला काही मिळणार, त्याला साक्षीदार करू नकोस. उगाच वाद. ज्याला दमडी देत नाहीस असा कोणी बघ." मी म्हटलं, "काका, असा एकच आहे आणि तो माझा जिना चढत नाही." काल हे स्नेहलला फोनवर हसत सांगितलं. ती हसली नाही. "दादा, तू गप्प बस," म्हणाली आणि फोन ठेवला.

बाबांनी उभ्या आयुष्यात न वाचता सही केलेली नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर तर दोनदा वाचून, मग पेन शोधून.

वरील सर्व माझ्या मनाप्रमाणे आहे. आधी कुठं काही लिहिलं असेल तर ते रद्द धरावं. लिहिलेलं नाही, पण असं म्हणायची पद्धत आहे.

ठिकाण: सुभानपुरा, बडोदे
तारीख: २१ ऑगस्ट २००८
सही: समरजित प्र. शिर्के

साक्षीदार:
१. विश्राम घोरपडे, स्केटिंग शिक्षक. (सही करण्यापूर्वी म्हणाले, "जाऊ नकोस." सही केल्यावर म्हणाले, "गेलास तर गुडघे वाकव.")
२.

ही जागा कोरी ठेवून सर दुसरा माणूस शोधायला निघाले होते. इतक्यात वॉचमन धावत वर आला. "समरभाई, तमारा पप्पा आव्या छे! लिफ्ट बंद छे तो दादर चढे छे."

जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबून ते दम खात आहेत, खोकला इथपर्यंत ऐकू येतो आहे. सर विचारतात, कलम सहाचं पान काढून ठेवू का. नको म्हटलं. पाणी भरून ठेवा. आणि खाली बघून या, चष्मा आणलाय का त्यांनी.