मधलं नाव

दि. ११ एप्रिल

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे, गुडघे सोडून. तू वेळेवर जेवतेस ना? तिकडे लांबच्या गावी दवाखान्यात दुसऱ्यांना भरवता भरवता तुझं स्वतःचं ताट तसंच राहतं, मला माहीत आहे.

आनंदाची बातमी आधी सांगते, नाहीतर मी बोलत बसेन आणि तीच राहून जाईल. तुझी लेक आत्ता या घडीला शेवटच्या वर्षाचा पहिला पेपर लिहितेय! मी कॉलेजच्या आवारात बाकावर बसलेय. कागद तिच्याच वहीतला आहे. मागच्या बाजूला कुठल्याशा कंपनीचा ताळेबंद आहे, त्याकडे बघू नकोस, तो चुकलेला आहे.

शेजारी एक शिंपीदादा बसलेत, त्यांचा मुलगाही आत आहे. त्यांनी विचारलं, "तुमचं कोण?" म्हटलं, "नात. अकाउंट्स आणि फायनान्स." एका दमात म्हटलं हो, जीभ अडखळली नाही. ते म्हणाले, "म्हणजे बँकेत लागणार." म्हटलं, "आता बँकेचं नशीब!" हसले बिचारे.

आणि ऐक, तिचा अभ्यास मी घेतला. हसू नकोस. चौथीच्या पुढे शाळा मी बाहेरूनच पाहिली, पण आकडे मला कळतात, बसचे नंबर वाचून वाचून. तिला गणित मोठ्यानं म्हणायची सवय आहे ना. पूर्वी इस्त्री करता करता ऐकायला घरात माणूस होतं. आता मी ऐकते. उत्तराचं पान माझ्या हातात, ती म्हणत जाते, दोन्हीकडची बेरीज सारखी आली की मी टाळी वाजवते. मला कशाची बेरीज ते कळत नाही, पण सारखी आली की बरं वाटतं.

एकदा घसारा शिकवला तिनं. यंत्र घेतलं की दर वर्षी त्याची किंमत थोडी थोडी कमी धरायची म्हणे. मी विचारलं, "मग माझ्या गुडघ्यांवर किती धरायचा?" पूर्वी पोट धरून हसली असती. आता नुसती म्हणाली, "पंधरा टक्के, आजी," आणि पुढची ओळ वाचायला लागली. चेहरा असा की धुतलेली पाटी.

आता जरा वाकडं सांगते, रागावू नकोस. तू फोनवर विचारायचीस, "कॉलेजला जाते ना?" आणि मी "हो हो" म्हणायचे. ती घरातून निघायची हे खरं. दप्तर घेऊन बसमध्ये बसायची, शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि त्याच बसनं परत यायची. मला कंडक्टरनं सांगितलं. मी तिला काही बोलले नाही. काय बोलणार? मलाही हल्ली काही वाटत नाही ग. भांडी घासते तर पाणी गार आहे की कढत, ते हात लाल झाल्यावर कळतं.

मग कॉलेजनं बोलावलं. हजेरी कमी, परीक्षेला बसता येणार नाही, घरच्या मोठ्या माणसाला घेऊन या. घरचं मोठं माणूस म्हणजे मी! नवी चप्पल घालून गेले.

विभागाच्या बाई तशा चांगल्या आहेत. म्हणाल्या, "आजी, हिचे मार्क उत्तम असायचे. या वर्षी वर्गातच नाही. कारण काय?"

मी म्हटलं, "बस वेळेवर येत नाही हो."

"रोज?"

"रोजच. त्यात माझे गुडघे."

"गुडघे तुमचे, आणि गैरहजर ती?"

मग त्यांनीच हळू विचारलं, "घरात कोणी गेलं असेल तर आम्ही सूट देतो. तसं काही झालंय का?"

सूनबाई, मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "छे छे! घरात सगळे अगदी छान आहेत."

हसून म्हणाले. माझ्याच कानांनी ऐकलं. बाईंनी सुस्कारा सोडला आणि फाईल मिटली. म्हणाल्या, "मग माझा नाइलाज आहे." म्हणजे संपलंच होतं ग सगळं, तिचं वर्ष माझ्या त्या एका वाक्यानं जाणार होतं. आणि तरी मी आपली पिशवी उचलून उठायला लागले.

मग ती बोलली. गणितातली ओळ वाचावी तशी. "मॅडम, माझे बाबा वारले. चाचणीच्या आदल्या दिवशी, कामावर."

आपल्या घरात हे कोणी म्हटलंच नव्हतं. तू आलीस, सुट्टी संपली, परत गेलीस, तरी नाही. बाईंनी तिला पाणी दिलं, मग मला दिलं. परवानगीवर सही केली. दाखला नंतर आणा म्हणाल्या.

परत येताना बसमध्ये तिला विचारलं, "वर्गात का जात नव्हतीस ग?"

खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हजेरी पूर्ण नावानं घेतात, आजी. प्रत्येक तासाला. मधे बाबांचं नाव येतं आणि त्यावर मी 'हजर' म्हणायचं. मला जमेना."

बस. एवढंच. रडली नाही. मीही नाही. थांबा आला, उतरलो, ब्रेड घेतला, घरी आलो.

आज सकाळी परीक्षेच्या दारात शिपाई यादी घेऊन उभा होता, एकेकाला नावानं आत सोडत होता. तिचं आलं. तिचं, मग त्याचं, मग आडनाव. किती दिवसांनी कोणी मोठ्यानं घेतलं त्याचं नाव! आणि माझ्या तोंडून गेलं, "ओ!" शिपाई म्हणाला, "आजी, तुमचं नाही." पोरं हसली. तीही हसली ग, जराशी, एका बाजूनं. मग "हजर" म्हणाली आणि आत गेली.

मला अजून काही वाटत नाही. पण ती हसली हे तुला कळवायचं होतं, म्हणून माझ्याकडे ठेवलेल्या तिच्या वहीतला कागद फाडला.

तू फोनवर हवापाणी विचारतेस, मी हवापाणी सांगते. आता पुरे. लग्न होऊन आलीस तेव्हा तू त्याला सगळ्यांसमोर नावानं हाक मारायचीस. आमच्या वेळी असलं नव्हतं, मला फार खटकायचं. रविवारी फोन करशील तेव्हा तशीच हाक मार. एकदाच. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून बसेन.

तुझी सासू म्हणून नाही,
त्याची आई