समुद्रात बसवलेला सूर्य

सौंदड,
दि. ३१ जानेवारी २०१०

प्रिय स्नेहल,

सप्रेम जय भीम. आम्ही सुखरूप पोचलो. आईचे गुडघे ठीक. स्टुडिओत लग्नांची गर्दी आहे. संघदीपरावांना सांग, त्यांनी बांधून दिलेल्या सुकटीच्या वासानं डब्यातल्या लोकांनी आम्हाला अख्खा बाक मोकळा करून दिला.

सोबत तुमच्या किनाऱ्याचा फोटो पाठवतो आहे.

नवेगावच्या तलावाच्या बांधावर मी उभा राहतो तिथून सूर्य पाण्यातून वर येताना दिसतो. म्हणून त्या पहाटे मी कॅमेरा समुद्राकडे रोखून उभा. जावईबापू मागून म्हणाले, "बाबा, आमच्याकडं तो तिथं बुडतो. उगवतो डोंगरामागून."

"माहीत आहे. मी पाण्याचा रंग पाहून राहिलो," मी म्हटलं. माहीत नव्हतं.

पण मग जे झालं! दोन टेकड्यांच्या मधे वाकलेला तो समुद्र अजून काळोखात, आणि ऊन आधी पल्याडच्या टेकडीच्या माथ्यावर लागलं. मग खडकांवरून सावकाश उतरत पाण्यात आलं. पाणी आधी जांभळं, मग तांब्यासारखं, मग असा एक रंग, ज्याला माझ्याकडे नाव नाही. कुणी न शिकवता सारी उमर उजेडाचंच काम केलं मी, आणि बटण दाबायचं विसरलो. मी! आई ओरडली तेव्हा भानावर आलो, आणि कॅमेरा लांब किनाऱ्याकडे वळवून, समुद्र डावीकडे ठेवून, बटण दाबलं.

घरी येऊन फोटो सुधारायला बसलो. क्षितिज केसभर कललं होतं, ते सरळ केलं. वाळूतल्या प्लास्टिकच्या पन्न्या पुसल्या. आणि आपल्याकडच्या गिऱ्हाइकांना आवडतो तसा लालबुंद सूर्य समुद्रावर बसवला. इतका बेमालूम, की स्वतःवरच खूश झालो.

आई चहा घेऊन आली. "सूर्य पान्यात कायले टाकला जी? पोरीची सावली त्याच्याकडंच जाऊन राहिली."

खरंच. दूर ओल्या वाळूवर तू पाठमोरी चालत होतीस, तुझ्या त्या ढगळ स्वेटरमध्ये. ऊन उजवीकडून, सावली डावीकडे, थेट माझ्या सूर्याच्या दिशेनं. असली चूक माझ्या हातून! सावली पुसावी म्हणून फोटो मोठा केला.

पाठीवरून काही कळत नव्हतं. पण सावली बाजूनं पडली होती. तिचा एक हात पोटाखाली होता.

किती वेळ आम्ही दोघं त्या सावलीकडे पाहत राहिलो. समुद्राकडेही मी तसं पाहिलं नव्हतं. चहावर साय धरली.

"पुसू नका," आई म्हणाली. मग गार झालेला चहा उचलत, "तिनं सांगतलं नाही ना? मंग आपुन विचारायचं नाही."

मागच्या वेळी सगळ्यांना सांगून झालं होतं, आणि नंतर जो येई तो तुलाच विचारी. तेव्हाचा तुझा चेहरा मी विसरलो नाही.

तर सूर्य काढून टाकला आहे. सावलीला हात लावलेला नाही. शेजारच्या देवकाबाईनं विचारलं, पोरगी कशी आहे? आई म्हणाली, "मस्त मासे खाऊन राहिली." बस, एवढंच. तुला वाटेल तेव्हा सांग. नाही वाटलं तर तो दिवस येईपर्यंत सांगू नकोस.

ओल्या वाळूवर जपून पाय टाकत जा, बाळा.

तुझा,
काहीच न पाहिलेला
बाबा