खिडकीतील इसमाचा ताबा एका दुपारपुरता मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
सार्वजनिक कला केंद्र (जुने शवागार)

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : आपले पत्र, ज्यात माझ्या आईचे "उत्कट सहभागाबद्दल" आभार मानले आहेत.
अर्जदार : बेपत्ता इसमाची थोरली बहीण. व्यवसाय शिवणकाम.

महोदय,

१. आपली इमारत पूर्वी सरकारी शवागार होती, हे आपण दारावरच्या पितळी पाटीत लिहिलेच आहे. माझा धाकटा भाऊ कामावर म्हणून गेला, तो परत आला नाही. तेव्हापासून बेवारस मयत सापडले की आम्हाला निरोप यायचा आणि मी आईला घेऊन तिथे यायचे. आत सोडत नसत. बोळाच्या टोकाला काचेची खिडकी होती, पलीकडून पडदा. शिपाईमामा पडदा सरकवायचे. आधी फक्त पाय दाखवायची तिथली पद्धत होती, म्हणजे बघणारा एकदम कोसळत नाही. मग मामा विचारायचे, "ओळख पटली का?" आई नाही म्हणायची आणि आम्ही बसने घरी यायचो. पटलीच तर लागतील म्हणून धाकट्याचे धुतलेले कपडे ती दर वेळी पिशवीत आणायची.

२. पुढे शवागार दुसरीकडे हलले. आपण भिंती पांढऱ्या केल्या, खाली कॉफीचे दुकान काढले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार खिडकीची आहे. ती आपण जशीच्या तशी ठेवली आणि एका कलाकार बाईंनी तिथे प्रयोग मांडला. पडदा सरकतो, चादरीखाली एक नट निजलेला असतो, त्याचे फक्त पाय दिसतात. टेबलाशी बसलेली मुलगी येईल त्याला विचारते, "ओळख पटली का?" लोक नाही म्हणतात, घटकाभर गंभीर होतात आणि कॉफी प्यायला जातात.

३. मी कापड आणायला बाजारात गेले असता आई एकटीच उठून तिथे आली. तिने पाय बघितले आणि हो म्हणाली. हो म्हणणाऱ्याचे पुढे काय करायचे, हे त्या प्रयोगात कोणी ठरवलेलेच नव्हते. मुलगी भांबावली. आईने पिशवीतले कपडे तिच्यापुढे ठेवले आणि घरी कधी न्यायचे ते विचारले. मागे उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे लिहितानासुद्धा माझ्या अंगाची आग होते, साहेब.

४. प्रयोग बंद करावा म्हणून मी पहिला अर्ज दिला. तो आपण अभिप्राय म्हणून फलकावर लावलात. तेव्हा मीच त्या नटाला गाठून घरी घेऊन आले. पोरगा भला आहे. आईसमोर खाली बसला आणि म्हणाला, "आजी, बघा, मी जिवंत आहे." आई म्हणाली, "ते मला काचेतूनच दिसलं होतं रे. पोट हलत होतं तुझं. माझे डोळे अधू झालेत, अक्कल नाही गेली. पण त्या खिडकीशी मी आजवर नाहीच म्हणत आले. आता तिथे दुसरं कोण दाखवणार मला? एकदा हो म्हणून मोकळी होऊ दे." जाताना तो आईच्या पाया पडला आणि मला दाराबाहेर म्हणाला, "ताई, मी येतो. फक्त साहेबांची परवानगी काढा."

५. परवानगीची अडचण अशी, की आपल्या करारानुसार प्रयोग संपेपर्यंत त्याला अन्यत्र मयत म्हणून निजता येत नाही. प्रयोग महिनाअखेर संपतो आणि त्यानंतर खिडकी बुजवणार आहेत असे ऐकते. त्याआधी एका दुपारी सदर इसम मागच्या दाराने, पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे स्ट्रेचरवरून आमच्या हवाली करावा. आम्ही त्याला बाहेरच्या खोलीत ठेवू. आई त्याचे पाय पुसेल, कपडे घालेल. शेजारपाजारची चार माणसे येऊन बसतील, त्यांना मी सगळे सांगून ठेवले आहे. संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दाराने चालत आपल्या घरी जाईल. त्याला पुढे कोठेही नेले जाणार नाही, अशी मी लेखी हमी देते. कलाकार बाईंना आणि कॅमेऱ्याला कृपया पाठवू नये.

६. हा वेडेपणा आहे, मला कळते. आईच्या नावावर मागते आहे, पण खरे सांगायचे तर मीही थकले आहे. मलाही एकदा पोटभर रडायचे आहे, आणि त्यासाठी समोर कोणीतरी निजलेले लागते. एवढी दया करावी.

वाट बघायची सवय असलेली,
आपली नम्र,
(सही)
थोरली बहीण

सोबत :
१) धाकट्याचा फोटो. एकच आहे, परत मिळावा.
२) सदरा व पँट, एक जोड. नट अंगाने बारीक असल्याने सदरा दोन्ही बाजूंनी आत घेतला आहे. टाके कच्चेच घातले आहेत. धाकटा आला तर उसवता येतील.