बापूरावांची खाट

सोमवार, १ जुलै २०२४
आज सकाळी बुद्धवंदना आटोपून निघालो, जामच्या फाट्यावर उभ्यानंच चहा घेतला आणि ट्रंक मांडीवर घेऊन एसटीत बसलो. दहाच्या आत वर्ध्याला, नालवाडीतल्या या तळमजल्यावरच्या फ्लॅटवर पोहोचलो. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं बांधायचं काम मिळालं आहे. एकोणपन्नासाव्या वर्षी नवीन गाव!

घर मात्र घरासारखंच. मालकीण शोभाबाई स्वतः रांधतात. औषधाच्या दुकानातला अनुप आणि शोरूममधला धनंजय शेजारच्या खोलीत. मला खिडकीजवळची नवारीची खाट दिली. आंबाडीची भाजी, गरम भाकर. पोट निवलं.

एक गंमत. शोभाबाईंनी माझ्याकडे बघून हाक मारली, "बापूराव, चहा झाला जी!" म्हातारं माणूस, चारचौघांत काय दुरुस्त करायचं? मी ओ दिली. आई सांगायची, दुसऱ्याच्या हाकेले ओ देऊ नोको. आम्ही असलं मानत नाही.

गुरुवार, ४ जुलै
आता सगळेच बापूराव म्हणतात. माझं नाव तीनदा सांगितलं. अनुप हसला, "नावाचं काय घेऊन बसले काका, पोळी थंडी होऊन राह्यली."

शेवटी शोभाबाईंनाच विचारलं, बापूराव कोण? पोळी लाटत म्हणाल्या, मालक होते माझे. याच खाटेवर गेले. खाट रिकामी ठेवली तर घर खायला उठतं, म्हणून त्या माणूस ठेवतात. माझ्याआधी निकेश होता. त्यानंही पहिल्याच दिवशी ओ दिली होती. चार महिन्यांनी त्याला स्वतःचं नाव आठवेना.

मग? मी विचारलं.

मग खाट रिकामी झाली, म्हणाल्या, आणि मला आणखी एक पोळी वाढली. तूप लावून.

मंगळवार, ९ जुलै
ग्रंथालयातल्या हजेरीवर आज माझी सही नाही. तिथं तिरप्या अक्षरात बापूराव लिहिलं आहे. शाई माझ्या पेनाची.

दुपारी बहिणीला, भागीरथाला, फोन लावला आणि तोंडातून निघालं, मी बापूराव बोलतो. ती खळखळून हसली. कोण बापूराव रे भाऊ, म्हणाली. मला हसता आलं नाही.

शुक्रवार, १२ जुलै
भागीरथाचा फोन. जेवलास का बापूदादा, म्हणाली. सहज. जन्मापासून म्हणत असल्यासारखी.

आजोबांना गावात कोणी नावानं हाक मारत नसे. "अय" म्हटलं की जायचं. छप्पनला नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि त्यानंतर "अय" ला वळून पाहिलं नाही. मार खाल्ला, वळले नाहीत. माझ्या बापानं मला शाळेत घातलं त्या दिवशी माझं नाव कोळशानं घराच्या भिंतीवर लिहिलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं म्हणून.

ते नाव मी एका पोळीवर देऊन टाकू?

शनिवार, १३ जुलै
ट्रंक भरली. निघणार होतो.

धनंजयनं सांगितलं, तुम्ही गेलात तर सोमवारी प्रफुल नावाचा माणूस येणार. शोभाबाईंनी बोलून ठेवलं आहे. साधा आहे म्हणे. मोठ्यांना उलटून बोलत नाही.

म्हणजे तोही ओ देईल.

ट्रंक उघडली. बाइंडिंगची सुरी काढून ठेवली.

रविवार, १४ जुलै
सकाळ. त्रिसरण, पंचशील म्हटलं. आवाज माझाच होता —

नवार कापली. पट्टी पट्टी. खाटेची चौकट ठोकून काढली, पाय अंगणात फेकले. शोभाबाई दारात उभ्या. रडत नाहीत. नुसतं बघणं —

खाट नाही आता. कोणाचीच नाही.

भिंतीवर कोळशानं लिहिलं : निकेश. त्याखाली माझं.

दारातून शोभाबाईंची हाक आली. बापूराव.

तोंड मिटून बसलो आहे.

दुसरी हाक. मी ओ दिली नाही. देणार नाही —

तिसरी. आणि पाठीमागून, जिथं खाट होती तिथून, माझ्याच आवाजात — ओ —

माझा आवाज हवा तर ने. ने, बापूराव. लिहिणारा हात माझा आहे. वळून बघणार नाही. लिहितो आहे. प्रेमदास. प्रेमदास. प्रेम —