परसातल्या पाल्याचा निकाल

दादा,

तुझ्या पाल्याचा निकाल लागला.

आप्पांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला, अंग सुजलं, बारीक नसांत गुठळ्या झाल्या आणि ते गेले. "हिने दवाखान्यात न नेता माझा काढा दिला असता, तर आप्पा आज असते," असं तू सगळ्यांदेखत म्हणालास. वर त्या काढ्याचा परसातला पाला माझ्या प्रयोगशाळेत धाडलास. "विचार तुझ्या यंत्रांना!"

विचारलं. पाल्याचा अर्क अल्कोहोलमध्ये काढला आणि नळीतल्या जंतू घातलेल्या रक्तात मिसळला. सूज आणणारी द्रव्यं कमी झाली, गुठळीही उशिरा झाली. म्हणजे तुझंच खरं होतं की काय? त्या धास्तीत शेजारच्या नळीत नुसतं अल्कोहोल घालून बघायचं राहिलं. नवशिक्यासुद्धा हे विसरत नाहीत. दुसऱ्या दिवशी घातलं, तर तिथेही तेच झालं; करामत अल्कोहोलची होती, पाल्याची नव्हे. मग पाला काढ्यासारखा पाण्यात उकळून पाहिला. रक्त ढिम्म.

म्हणजे तुझ्या काढ्याने आप्पा वाचले नसते. हे तुला चारचौघांत ऐकवायचं, असं मी केव्हाच ठरवलं होतं.

पण आप्पा गेल्यापासून तू माझ्याशी बोलतोस तो फक्त रविवारी, फोनवर. "काय म्हणतोय पाला?" एवढंच विचारतोस. मग, "जेवलीस का?" निकाल कळल्यावर फोन कशाला करशील?

तेव्हा हे पत्र माझ्याच खणात राहील. रविवारी सांगेन, पाला फार वाळला होता, ताजा पाठव.

तुझी,
चिमणी