बायच्या बटणांना पासवर्ड

३ फेब्रु., मंगळ.
प्रोजेक्ट परत आला. धामणकर नाक्यावरच्या क्लासात वर्षभर जिने चढले, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी प्रोग्रॅमिंगचा डिप्लोमा घेते म्हणून सगळ्यांच्या कौतुकाचा विषय झाले, आणि आज हे. सर म्हणाले, "मॅडम, ही नुसती बटणं आहेत. लॉगिन कुठंय?" सर सव्वीस वर्षांचे. टेलिफोन ऑफिसात मी त्यांच्या वयाच्या मुलांना हजेरी कशी मांडायची ते शिकवत होते.

नुसती बटणं. बरोबर आहे. बायला तीच हवीत.

५ फेब्रु., गुरु.
बाय म्हणजे माझी थोरली बहीण. झटक्यानंतर तिला गावाहून, अंबाडीहून इकडे आणलं, त्याला जूनमध्ये वर्ष होईल. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं. टॅबवर आठ चित्रं केली, बोट ठेवलं की तिचाच आवाज येतो. माझ्या फोनमध्ये तिचे जुने व्हॉइस मेसेज होते, ते कापले. 'मोरीन' हा शब्द मोरीत पाणी तुंबल्याच्या तक्रारीतून मिळाला. 'पानी' कुठल्या तरी लग्नाच्या वर्णनातून. 'न्हाय' मात्र ढीगभर सापडले. जन्मभर मला तेच सांगत आली.

पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा डाव्या हाताने टॅबला थापटलं तिने, वासराला थापटावं तसं.

९ फेब्रु., सोम.
वर्गातल्या सगळ्यांचे प्रोजेक्ट तयार. झेरॉक्सवाल्याकडे मिळतात: दवाखाना, ग्रंथालय, लॉज. नाव बदलायचं, जाड काळ्या पुठ्ठ्यात बांधायचं, वर सोनेरी अक्षरं. त्याला ब्लॅक बुक म्हणतात. त्यावर सरांची सही नसेल तर तोंडी परीक्षेला बसता येत नाही. शेजारच्या बाकावरची सादिया म्हणाली, "आंटी, आप भी ले लो ना. नाम ही तो बदलना है." पोरगी प्रेमाने म्हणाली. मी तिला कॉपीवर भाषण दिलं. उगाच. तिला पॉवरलूमच्या ऑफिसात नोकरी लागायची आहे, तिला कागद हवा.

मला कशाला हवा, हे तिने विचारलं नाही.

१४ फेब्रु., शनि.
सरांकडे पुन्हा. त्यांची यादी: लॉगिन, पासवर्ड. दहा मिनिटं कोणी हात लावला नाही तर आपोआप बाहेर, 'सिक्युरिटी'साठी. शिवाय रिपोर्ट: कोणी, कधी, काय दाबलं. मी विचारलं, जिला बोलता येत नाही ती पासवर्ड कशी लिहिणार? म्हणाले, परीक्षेला बाहेरून येणारे एक्स्टर्नल पहिलं तेच बघतात.

घरी येऊन तणतणले. बाय बघत राहिली. मग 'बस' दाबलं.

२१ फेब्रु., शनि.
लिहिलं सगळं. लॉगिन, बाहेर काढणं, रिपोर्ट. कोड सुबक झाला, ही त्यातली लाजिरवाणी गोष्ट. शाळेतल्या ननांनी वह्या नीट ठेवायला शिकवलं, ते अजून सुटत नाही. कशाला वाकले? नापास व्हायचं नव्हतं. एवढंच. दुसरं कारण शोधून सापडलं नाही.

बाय चौथीतून घरी बसली, भातलावणीला. मला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात घातलं. दोघींना शिकवणं जमत नव्हतं, ती थोरली, तिने शाळा सोडली. कोणी तिला विचारलं होतं असं वाटत नाही.

२ मार्च, सोम.
सही मिळाली. ब्लॅक बुकवर माझं नाव सोनेरी. बायने त्यावरून बोट फिरवलं.

५ मार्च, गुरु.
परीक्षा झाली, क्लासच्या कॉम्प्युटरवर. शेजारच्या गाळ्यातल्या लूमची खडखड एवढी की बायचा आवाज एक्स्टर्नलना ऐकूच गेला नाही. म्हणाले, स्क्रीन छान आहे. लॉगिन दोनदा करून पाहिलं. रिपोर्ट फार आवडला.

घरी आले तर संगीता, बायकडे दिवसभर असते ती, चादर धूत होती. तिने खाली मान घालून सांगितलं. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. एरवी 'मोरीन' गच्चीपर्यंत ऐकू येतं म्हणून निर्धास्त होती. आज टॅबमधून काही आलं नाही. खाली आली तेव्हा बाय भिजलेली, तोंड भिंतीकडे.

टॅब उचलला. लॉगिनचं पान. सकाळी नवा प्रोग्रॅम टॅबवर चालतो का ते पाहिलं, चाललाच, आणि जुना परत टाकायचा राहिला. दहा मिनिटांनी बाहेर काढलं तिला. मीच लिहिलेलं आहे ते.

६ मार्च, शुक्र.
रिपोर्ट उघडला. उघडायला नको होता. ११.१२ ला पहिला प्रयत्न. पासवर्ड चुकीचा. मग पुन्हा, पुन्हा, लॉगिनच्या त्या एकाच निळ्या बटणावर. मध्ये तीन मिनिटं काही नाही. मग पुन्हा. शेवटचा ११.४९.

चादर कोणत्या ओळीपाशी भिजली, ते त्यात नाही.

९ मार्च, सोम.
लॉगिन काढलं. आठ बटणं परत, पूर्वीसारखी. संगीताने टॅब पुढे धरला. बायने डाव्या हाताने तो पालथा केला.

माफी मागितली. मोठ्याने, शब्द लावून. ती पंख्याकडे बघत होती.

२० मार्च, शुक्र.
पास. सरांचा फोन, खुश होते. पुढच्या बॅचला माझा प्रोजेक्ट नमुना म्हणून दाखवणार. सादियाही पास, लॉज चाललं तिचं. सर्टिफिकेट कपाटात ठेवलं, साड्यांच्या घड्यांखाली.

टॅब अजून पालथाच. बायला हवं ते आता डोळ्यांवरून ओळखायचं. चुकतं. पाणी दिलं तर तोंड मिटते. आज मोरीत नेलं, तर तेही नको होतं. मग काय हवं होतं, कळलं नाही.

२८ मार्च, शनि.
रिपोर्ट तेवढा काढलेला नाही. रोज बघते. एकोणीस दिवस कोरा.

आज एक ओळ आहे. ४.२०, 'न्हाय'. त्या वेळी संगीता बाजारात होती आणि मी मोरीत नळ सोडून धुणं बुडवत होते. काहीही ऐकू आलं नाही. परत आले तर टॅब पालथाच होता, नेहमीच्या जागी.

कोणाला म्हणाली, विचारलं. तिने डोळे मिटून घेतले.

उद्या ४ वाजता खोलीतच बसते.